राजाच्या हाताखालची डोकी

पहिला दिवस : मांतुआ

माझी उंची १२२ सेंटीमीटर आहे आणि माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा दोन फुटांनी उंच आहे. प्रवासवर्णनाची सुरुवात उंचीच्या हिशेबाने झालेली विचित्र दिसेल. पण हा प्रवास त्या हिशेबासाठीच आखलेला होता. पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत युरोपातील बहुतेक मोठ्या दरबारांनी खुजी माणसे पदरी बाळगली, आणि दरबारी चित्रकारांनी त्यांना राजाराण्यांच्या शेजारी, कुत्र्यामाकडांच्या शेजारी, क्वचित एकटेही रंगवले. ही चित्रे मी आजवर पुस्तकांत पाहत आले. मात्र चित्रकाराने आपला डोळा जमिनीपासून किती उंचीवर ठेवला होता, हे पुस्तकाच्या पानावर कळत नाही, कारण पान हातात धरले की सगळ्यांचेच डोळे सारख्या अंतरावर येतात. मला नेमके ते पाहायचे होते. म्हणून ज्या क्रमाने चित्रे रंगवली गेली साधारण त्याच क्रमाने जायचे ठरवले, भावाने रजा काढली, आणि आम्ही इटलीतील मांतुआत येऊन पोहोचलो.

शब्दाचा प्रश्न आधीच मिटवून टाकते. ‘ठेंगू’ आणि ‘बुटकी’ हे शब्द मला खेळाच्या मैदानावर मिळाले, ‘वामन’ पुराणातून मिळाला आणि ‘कमी उंचीची व्यक्ती’ हा कागदपत्रांतून. इटालियनमध्ये ‘नानो’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘एनानो’. या लेखापुरता मी ‘खुजा’ हा शब्द वापरणार आहे, कारण त्या जुन्या दरबारांना तो शोभतो. आज तो कोणाच्या तोंडावर वापरू नये.

मांतुआवर राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याचा राजवाडा म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक वास्तूंचे एक गावच आहे, आणि त्याच्या टोकाला सान जॉर्जोचा किल्ला आहे. वर जायला जिना असेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, कारण पायऱ्यांची उंची ठरवताना माझ्या पायांचा विचार कोणीही केलेला नसतो. पण इथे घोड्यावरून वर जाता यावे म्हणून बांधलेला गोल चढ आहे. घोड्यांची सोय माझ्याही कामी आली.

आंद्रेआ मान्तेन्याने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेली ती प्रसिद्ध खोली चौकोनी आहे आणि अपेक्षेपेक्षा लहान आहे. लोक आत येतात आणि लगेच छताकडे पाहतात, कारण तिथे रंगवलेला गोल झरोका आहे आणि त्याच्या कठड्यावरून बायका, मुले आणि एक मोर खाली डोकावतात. मी मात्र शेकोटीच्या भिंतीकडे वळले. मांतुआचा मार्क्विस लुदोविको गोंझागा हातात पत्र घेऊन बसला आहे आणि मान वळवून सेवकाशी बोलतो आहे. त्याच्या आसनाखाली कुत्रा पहुडला आहे. शेजारी त्याची पत्नी, ब्रांडेनबुर्गची बार्बारा, भोवती मुले आणि दरबारी, आणि बार्बाराच्या गुडघ्यापाशी एक खुजी स्त्री उभी आहे. परंपरेने तिचे नाव लुचिया सांगतात. तिचा चेहरा रुंद आहे, कपाळ मोठे आहे, कपडे चांगले आहेत, आणि ती कोणाला हसवत नाही. लुदोविको सेवकाकडे पाहतो, बार्बारा त्याच्या दिशेला पाहते, मुले आपापल्या विचारांत आहेत. आपल्याकडे सरळ रोखलेली नजर शोधू गेले तर सर्वांत आधी हिची सापडते.

ही सगळी मंडळी शेकोटीच्या वरच्या कडेवर बसल्यासारखी रंगवलेली असल्यामुळे त्यांचे पाय आपल्या डोक्याच्या वर येतात. भावाचीही मान माझ्याइतकीच वर झाली होती. त्या खोलीत लुचिया त्याच्याकडेसुद्धा वरून पाहत होती, आणि हे लक्षात आल्यावर मला जरा हसू आले.

दुसरा दिवस : मांतुआ, आणि एक न राहिलेले घर

मान्तेन्याची खोली पूर्ण झाली त्याच वर्षी, १४७४ मध्ये, इझाबेला द’एस्तेचा जन्म झाला. १४९० मध्ये ती गोंझागा घराण्यात लग्न होऊन मांतुआत आली आणि तिच्या दरबारातील खुज्या माणसांची ख्याती इटलीभर पसरली. त्यांच्यापैकी मात्तेल्लो नावाच्या विदूषकाला तिने दुःखात असलेल्या आपल्या भावाकडे, फेर्राराला, मन रमवायला पाठवले होते. खुजी माणसे अशीच एका दरबाराकडून दुसऱ्या दरबाराकडे जात: कधी उसनी, कधी भेट म्हणून, जसे शिकारी ससाणे आणि चांगले घोडे जात असत. त्यांना जेवण, उंची कपडे आणि राजघराण्याच्या खासगी दालनात प्रवेश मिळे, जो मोठमोठ्या सरदारांना मिळत नसे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असत, हे मला पूर्वी समजायला जड जाई. आता जात नाही. लाडक्या वस्तूला घरात सगळीकडे मोकळीक असतेच.

राजवाड्यात ‘खुज्यांची दालने’ म्हणून ओळखला जाणारा एक भाग आहे. ठेंगणी छते, अरुंद बोळ, चिमुकल्या खोल्या आणि इवल्याशा पायऱ्या पाहून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची खात्री पटली, की गोंझागांनी आपल्या खुज्या सेवकांसाठी त्यांच्या मापाचे घर बांधले होते. संशोधकांनी विसाव्या शतकात कागदपत्रे आणि नकाशे ताडून पाहिले तेव्हा निराळेच निघाले. ती रोममधील लातेरानच्या ‘पवित्र जिन्या’ची छोटी प्रतिकृती आहे, आणि ती फेर्दिनान्दो गोंझागाच्या कारकिर्दीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, बांधली गेली. रोममधील त्या २८ पायऱ्या भाविक आजही गुडघ्यांवर चढतात. म्हणजे ज्या जिन्याला लोक खुज्यांचा समजत होते, तो मुळात धडधाकट पायांनी चढायचाच नव्हता.

मला स्वतःला या दंतकथेचा संशय माझ्या शरीरामुळे आधीपासूनच होता. माझ्यात जो प्रकार आहे त्याला ॲकॉन्ड्रोप्लेसिया म्हणतात. खुजेपणाच्या शेकडो प्रकारांपैकी हा सर्वाधिक आढळणारा. एका जनुकातील बदलामुळे हातापायांची लांब हाडे पुरेशी वाढत नाहीत, पण धड जवळजवळ इतरांइतकेच असते आणि डोके किंचित मोठे असते. अशी दहापैकी सुमारे आठ मुले सामान्य उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे एकाच घरात भाऊ सहा फुटांचा आणि बहीण चार फुटांची असणे यात नवल नाही. सगळे काही समप्रमाणात लहान केले तर ते बाहुलीचे घर होते, आमचे होत नाही. खुर्चीत बसले की मी भावापेक्षा फारशी बुटकी दिसत नाही; प्रश्न उठल्यावर सुरू होतो. ज्याने कधी खुज्या माणसाला खुर्चीत बसलेले नीट पाहिले असेल, त्याला ही दालने आमची वाटली नसती. तरीही ही कथा इतकी वर्षे टिकली, कारण ती ऐकायला गोड आहे: राजाने आपल्या खुज्यांसाठी घर बांधले.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही व्हेरोनामार्गे व्हेनिसला गेलो.

तिसरा दिवस : व्हेनिस

व्हेनिसमध्ये एकच चित्र पाहायचे होते, पण ते तेरा मीटर रुंद आहे. अकादमीच्या संग्रहातील व्हेरोनेझेचे हे भव्य भोजनदृश्य १५७३ मध्ये एका मठाच्या भोजनगृहासाठी ‘शेवटचे भोजन’ म्हणून रंगवले गेले. मध्यभागी ख्रिस्त आहे आणि भोवती व्हेनिसच्या श्रीमंती थाटाची सगळी गर्दी: नोकर, शिपाई, कुत्रा, आणि पुढच्या बाजूला पायऱ्यांजवळ हातावर पोपट घेतलेला खुजा विदूषक. त्याच वर्षी जुलैमध्ये धर्मन्यायालयाने चित्रकाराला बोलावून घेतले आणि पवित्र भोजनात विदूषक, दारुडे, जर्मन शिपाई आणि खुजे लोक रंगवणे शोभते काय, असे विचारले. त्या चौकशीची नोंद उपलब्ध आहे. पोपटवाल्याचे प्रयोजन काय, या प्रश्नावर व्हेरोनेझेने दिलेले उत्तर इतकेच, की तो शोभेसाठी आहे. अशा चित्रांत असे असतेच. पुढे त्याने चित्र बदलण्याऐवजी नाव बदलले आणि ते ‘लेवीच्या घरची मेजवानी’ झाले.

धर्माधिकाऱ्यांना खुजा चित्रात नको होता आणि चित्रकाराला तो शोभेपुरता हवा होता. मी दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी ते मला ठरवता आले नाही. आपल्याकडेही निराळे नव्हते. हर्षाच्या ‘रत्नावली’ या संस्कृत नाटकात माकड सुटते तेव्हा अंतःपुरात जी पळापळ होते, तीत एक वामन भीतीने कंचुकीच्या अंगरख्यात शिरतो, आणि प्रेक्षक हसतात. सातव्या शतकातील तो वामन आणि सोळाव्या शतकातील हा पोपटवाला यांचे काम एकच होते.

चौथा दिवस : फ्लॉरेन्स, पुढून आणि मागून

उफिझी संग्रहालयात आम्ही बोत्तिचेल्लीच्या दालनांतील गर्दी ओलांडून थेट ब्रोंझिनोच्या त्या चित्रापाशी गेलो, ज्याला दोन पुढच्या बाजू आहेत. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे’ मेदिची याच्या दरबारातील ब्राच्चो दी बार्तोलो या खुज्याचे हे पूर्णाकृती नग्न चित्र १५५३ पूर्वीचे आहे. त्याला दरबारात ‘मोर्गान्ते’ म्हणत, आणि मोर्गान्ते हे पंधराव्या शतकातील एका प्रसिद्ध काव्यातील राक्षसाचे नाव होते. चार फुटांच्या माणसाला राक्षसाचे नाव देणे हा दरबारी विनोद; गल्लीतही हा विनोद चालतो, तिथे त्याला फक्त दरबारी म्हणत नाहीत.

कॅनव्हासच्या एका बाजूला मोर्गान्ते समोरून दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पाठमोरा. त्या काळी फ्लॉरेन्समध्ये चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला, असा वाद रंगला होता. शिल्पाभोवती फिरून ते सर्व बाजूंनी पाहता येते, चित्राचे तसे नाही, असे शिल्पकार म्हणत. ब्रोंझिनोने कॅनव्हासच्या दोन्ही बाजू रंगवून त्यांना उत्तर दिले, आणि वर एक गोष्ट शिल्पाला न जमणारी केली: पुढच्या बाजूला मोर्गान्ते पाखरे पकडायला निघाला आहे, हातावर घुबड आहे; मागच्या बाजूला शिकार आटोपली आहे आणि मारलेली पाखरे त्याच्याजवळ आहेत. कॅनव्हासला वळसा घालेपर्यंत वेळ पुढे सरकलेला असतो. पुढे कोणाला तरी ही नग्नता खटकली, आणि द्राक्षवेलीची पाने रंगवून त्याला मद्याचा देव बाक्कस केले गेले. २०१० च्या सुमारास झालेल्या जीर्णोद्धारात ती पाने काढली, तेव्हा मोर्गान्ते पुन्हा जसा होता तसा झाला.

मी पुढची बाजू पाहिली आणि मग मागे गेले. इथे मला सविस्तर सांगितले पाहिजे. कमरेच्या वर पाठीचा कणा एकदम आत वळतो आणि त्याखालचा भाग मागे निघतो. मांड्यांच्या मागे मांसाच्या घड्या पडतात, कारण हाड थांबले तरी कातडी आणि स्नायू थांबत नाहीत. पोटऱ्या बाहेर वाकतात, आणि दोन्ही पायांवर सारखा भार देण्यासाठी पाऊल जरा फाकवून टाकावे लागते. हे सगळे ब्रोंझिनोने मोजून पाहिले होते. वैद्यकीय पुस्तकांत क्ष-किरणांच्या छायाचित्रांखाली जे वर्णन छापलेले असते, ते त्याने साडेचारशे वर्षे आधी कुंचल्याने लिहून ठेवले होते. माझी पाठ मी स्वतः कधी नीट पाहिलेली नव्हती. शिवणकामवाल्या बाई कपड्याचे माप घेताना तिथे टेप लावून थांबतात आणि पुन्हा मोजतात, एवढाच माझा तिच्याशी परिचय होता. ती पाठ आता माझ्यासमोर, चांगल्या प्रकाशात, टांगलेली होती.

मोर्गान्तेला कपडे काढून उभे राहायला कोणी विचारले नसणार, हेही त्याच वेळी मनात होते. एका वादात शिल्पकारांना हरवण्यासाठी जे शरीर निवडले गेले, ते राजपुत्राचे नव्हते. राजपुत्र मागून आणि नग्न रंगवला जात नाही. तरीही या चित्रात थट्टा सापडत नाही. थट्टा करणाऱ्याची नजर इतका वेळ एका जागी टिकत नाही.

भाऊ पलीकडच्या बाजूला होता. तो कॅनव्हासच्या कडेवरून डोकावून म्हणाला, “ताई, झालं का?” मी म्हणाले, “थांब जरा.” तो थांबला. असे थांबणे त्याला लहानपणापासून येते.

पाचवा दिवस : बोबोली

पित्ती राजवाड्याच्या मागे पसरलेल्या बोबोली बागेत मोर्गान्ते पुन्हा भेटतो. व्हालेरिओ चोलीने १५६० च्या आसपास संगमरवरात केलेला हा पुतळा बाक्कसच्या रूपात, नग्न, कासवावर स्वार झालेला आहे. शीड लावलेले कासव हे कोझिमोचे बोधचिन्ह होते, सावकाशीने घाई करावी अशा अर्थाचे. म्हणजे खुजा इथे स्वतःच्या नव्हे, तर मालकाच्या चिन्हावर बसलेला आहे. पोट सुटलेले, एक हात पुढे केलेला, चेहऱ्यावर अधिकाराचा आव. कालच्या चित्रातील माणूस आणि हा पुतळा यांत माणूस एकच, पण इथे त्याला हसण्यासाठीच मांडले आहे आणि लोक आज्ञाधारकपणे हसतात.

छायाचित्रांसाठी लहानशी रांगच लागली होती. प्रत्येकजण पोट पुढे काढून, हात तसाच पसरून उभा राहत होता. आम्ही बाजूला उभे असताना एका प्रवाशाने कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग पुतळ्याकडे बोट दाखवून खुणेने विचारले. त्याला माझे चित्र पुतळ्याशेजारी हवे होते. भाऊ पुढे सरसावला, त्याला मी मागे ओढले आणि त्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हटले. ते ओशाळले असावेत. त्यांनी बराच वेळ एका झाडाचे छायाचित्र काढले.

उरलेल्या दुपारी बाग पाहिली. बाग चांगली आहे, पण चढ फार आहेत.

सहावा दिवस : फ्लॉरेन्स ते माद्रिद

प्रवासाचा दिवस विमानतळांवर गेला. वहीत मी अशा माणसांची यादी केली होती जी आमच्या वाटेवर नव्हती. जेफ्री हडसनला १६२६ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, बकिंगहॅमच्या ड्यूकने ‘पाय’ नावाच्या एका प्रचंड भाजलेल्या खाद्यपदार्थात दडवून इंग्लंडच्या चार्ल्स राजाच्या राणीसमोर पेश केले. पुढे त्याने फ्रान्समध्ये १६४४ साली थट्टा करणाऱ्या एका सरदाराला द्वंद्वात ठार केले, दरबारातून हाकलला गेला, आणि समुद्री चाच्यांच्या हाती सापडून त्याने उत्तर आफ्रिकेत गुलामगिरीची अनेक वर्षे काढली. रशियाच्या पीटर द ग्रेटने १७१० मध्ये पीटर्सबर्गला आपल्या खुज्या सेवकाचे लग्न लावले, त्यासाठी सुमारे सत्तर खुजी माणसे गोळा केली आणि दरबाराला पोट धरून हसवले.

यादीतील तिसरे नाव मला सर्वांत जवळचे आहे. रिचर्ड गिब्सन हा इंग्लंडच्या दरबारातील खुजा स्वतः चित्रकार होता. त्याची लघुचित्रे आजही संग्रहालयांत आहेत आणि पुढे राणी झालेल्या मेरी आणि ॲन या राजकन्यांना त्याने चित्रकला शिकवली. या सबंध इतिहासात कुंचला दुसऱ्याच्या हातात असतो. गिब्सनच्या बाबतीत तो त्याच्या स्वतःच्या हातात होता. त्याच्यासाठी वेगळा प्रवास करावा लागेल.

सातवा दिवस : माद्रिद, हात

प्रादो संग्रहालयात छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे लोकांना चित्रे पाहावी लागतात. मी मुद्दाम चौथ्या फिलिपच्या दरबारी चित्रकारापासून, वेलास्केसपासून, सुरुवात केली नाही. आधी जुनी दरबारी चित्रे पाहिली, आणि एक हात जागोजागी दिसू लागला.

सांचेथ कोएल्योच्या चित्रात, १५८५ नंतरच्या, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची मुलगी इसाबेल क्लारा एउखेनिया ताठ उभी आहे. तिच्या एका हातात वडिलांची प्रतिमा कोरलेले पदक आहे आणि दुसरा हात शेजारी बसलेल्या वृद्ध माग्दालेना रुइसच्या डोक्यावर आहे. माग्दालेनाजवळ माकडे आहेत. तिच्यासारख्यांना स्पॅनिश दरबारात ‘मौजेची माणसे’ म्हणत, आणि त्यांत खुजे, विदूषक, वेडसर असे सगळे एका नावाखाली येत. याच माग्दालेनाबद्दल फिलिप राजाने लिस्बनहून मुलींना लिहिलेल्या पत्रांत वारंवार मजकूर आहे: ती कशी रुसली, राजावर कशी रागावली. अर्ध्या जगाचा मालक असलेला राजा तिच्या रुसव्याची खबर घरी कळवतो. चित्रात मात्र ती हाताखाली आहे.

काही पावलांवर व्हिल्यान्द्रान्दोने १६२० च्या सुमारास रंगवलेला किशोरवयीन राजपुत्र, पुढचा चौथा फिलिप, आणि त्याचा खुजा सोपलिल्यो. राजपुत्राचा हात पुन्हा सोपलिल्योच्या डोक्यावर. सोपलिल्योचे कपडे झकपक आहेत, पण चित्रातील त्याचे काम हात टेकायला उंची पुरवण्याचे आहे. राजा किती उंच आहे हे दाखवायला शेजारी पट्टी लावावी लागते, आणि दरबाराने ती पट्टी जिवंत ठेवली होती. डोक्यावर असे हात मलाही ठाऊक आहेत; ठेवणाऱ्याचा हेतू नेहमी प्रेमळ असतो.

मग हुआन वान देर आमेनने १६२६ च्या सुमारास रंगवलेला एक खुजा आला, आणि मी थबकले. तो एकटा आहे. भरजरी पोशाख, हातात सेनापतीसारखा दंड, आणि डोक्यावर कोणाचाही हात नाही. कॅनव्हासची उंची जवळजवळ माझ्याइतकीच आहे. ज्या थाटात सरदार रंगवले जात, त्याच थाटात हा उभा आहे. यात गंमत अभिप्रेत होती की मान, हे भावाने मला विचारले. मी त्याला म्हटले, “त्याच्या चेहऱ्याकडे बघ, त्याने कसं घेतलंय ते बघ.” भावाने पाहिले आणि म्हणाला, “त्याने खरंच घेतलंय.”

आठवा दिवस : माद्रिद, डोळे

बाराव्या दालनातील वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ या चित्रासमोर सकाळी गर्दी असते आणि माझ्या उंचीवर गर्दी म्हणजे पाठीवरच्या पिशव्या. पिशव्यांच्या फटीतून मला चित्राचा खालचा उजवा कोपरा तेवढा दिसत होता: झोपाळू कुत्रा, त्याच्यावर पाय ठेवणारा निकोलासितो पेर्तुसातो, आणि त्याच्या शेजारी मारी बार्बोला. बाकीच्या लोकांना राजकन्या दिसत होती. मला हा सौदा वाईट वाटला नाही.

१६५६ मधील हे चित्र ३१८ सेंटीमीटर उंच आहे, आणि त्यातील माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या पालोमिनोने १७२४ मध्ये लिहून ठेवल्यामुळे. राजवाड्याच्या यादीत या चित्राला ‘कुटुंब’ म्हटले जाई. आजचे नाव एकोणिसाव्या शतकातील आहे. निकोलासितो इटलीचा, लहान मुलासारखा प्रमाणबद्ध. पुढे तो राजाच्या खासगी सेवेत वरच्या जागेवर चढला. मारी बार्बोला जर्मन होती, १६५१ मध्ये राजवाड्यात आली, आणि तिला मिळणाऱ्या शिध्याच्या नोंदींत उन्हाळ्यातील बर्फसुद्धा आहे. माद्रिदच्या उन्हाळ्यात बर्फ मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हती. पालोमिनोने तिच्या रूपाला ‘भयंकर’ म्हटले आहे. मला ती निळसर-काळ्या पोशाखातील एक प्रौढ बाई दिसली, थकलेली नाही, लाजलेली नाही, राजकन्येइतकीच प्रकाशात उभी, आणि मांतुआच्या लुचियासारखी सरळ समोर पाहणारी. तिच्या डोक्यावर हात नाही. पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता मध्यभागी आहे खरी, पण तिच्या दोन सखी तिच्यासाठी वाकल्या आहेत. मारी बार्बोलाला वाकण्याची गरजच नाही.

मग आम्ही वेलास्केसच्या खुज्यांच्या एकेकट्या चित्रांकडे गेलो. मांडीवर भलाथोरला ग्रंथ उघडलेला, शेजारी दौत आणि मागे डोंगर असा एक. हातात पत्ते घेऊन मान कलती केलेला फ्रान्सिस्को लेस्कानो. आणि जमिनीवर बसलेला तो, ज्याला पुस्तके सेबास्तियान दे मोरा म्हणत आली. अलीकडच्या संशोधनानंतर संग्रहालय यालाच ‘एल प्रिमो’ म्हणते, जे नाव पूर्वी ग्रंथवाल्याला होते. राजांच्या चित्रांत असा घोटाळा होत नाही.

जमिनीवरच्या या माणसाचे चित्र १६४४ च्या सुमाराचे आणि जेमतेम १०६ सेंटीमीटर उंच आहे. लाल झगा, जाळीची कॉलर, पाठीमागे काहीही नाही. पाय सरळ आपल्या दिशेने पसरलेले, त्यामुळे बुटांचे तळवे पुढे येतात. दोन्ही मुठी कमरेवर घट्ट दाबलेल्या, बोटे आत. ॲकॉन्ड्रोप्लेसियात बोटे आखूड असतात आणि मधली दोन एकमेकांपासून फाकतात; मी स्वतः छायाचित्रात मुठी मिटते. वेलास्केसने हे पाहिले आणि तसेच राहू दिले. मुख्य म्हणजे तो स्वतः खाली आला. उभा राहून रंगवले असते तर या माणसाचे टाळू आणि खांदे दिसले असते. इथे चित्रकाराचा डोळा बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर आहे. वेलास्केस राजवाड्यात नोकरच होता, पुढे १६५२ मध्ये दालनांची व्यवस्था पाहणारा अधिकारी झाला. ज्यांना त्याने रंगवले त्यांची नावे आणि त्याचे नाव पगाराच्या त्याच व्यवस्थेत होती. त्याने ही नजर दयेने आणली की सवयीने, हे मला चित्रावरून ठरवता येत नाही, आणि समोरचा माणूस दया मागतही नाही. तो रागावलेला आहे, आणि कशावर ते सांगत नाही.

भाऊ माझ्यामागे उभा होता. बराच वेळ त्याने काही विचारले नाही. मग त्याने बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त केले, एक गुडघा टेकला आणि माझ्या खांद्याशेजारून चित्राकडे पाहू लागला. नाडी बांधून झाली तरी तो उठला नाही. पलीकडच्या कोपऱ्यातील पहारेकरी बाई त्याच्याकडे पाहू लागल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, “ताई, उभा होतो तेव्हा चेहरा आधी दिसत होता. इथून आधी पाय दिसतात.”

मला सकाळपासून पायच आधी दिसले होते.